डाव्या नळीचं टोक

सुपडू, तुझा अ‍ॅक्सल कापायला मला अठरा दिवस लागले. अठरा दिवस तो वर्कशॉपच्या मागे निंबाखाली ताडपत्री पांघरून पडला होता. पंचनामा झाल्यावर जीपवाल्याने ती मोडकी जीप ट्रॅक्टरला बांधून इथेच आणून टाकली. म्हणाला, मला ही डोळ्यांसमोर नको. त्याला नको होती, तर मला काय हवी होती? रोज सकाळी शटर वर करायचो, मागे जाऊन ताडपत्रीकडे बघायचो आणि परत येऊन लेथसमोरच्या स्टुलावर बसायचो. लेथ चालू करायचो नाही. तुझा वेल्डिंगचा चष्मा खिळ्याला तसाच टांगलेला आहे. त्याची काच पुसायचीही माझी हिंमत झालेली नाही.

हे मी तुला लिहितोय, पण वाचणार दुसरेच. म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल, तू कंटाळू नकोस. रावेरात तुझं-माझं वर्कशॉप होतं. मी टर्नर, तू वेल्डर. सातपुड्यातल्या पाड्यांवर ज्या जुन्या जीपा जातात, त्या आपल्याकडे यायच्या. दहा माणसांच्या जागेत वीस माणसं, टपावर पोती, आणि रस्ता म्हणजे नाल्यातले धोंडे. अशा जीपेची पुढच्या अ‍ॅक्सलची नळी वाकते, नाहीतर तडकते. आपण तिच्या आत दुसरी, जाड नळी बसवायचो. तू तिला अस्तर म्हणायचास. तुझे वडील पारोळ्याला शिंपी होते, म्हणून तुला तोच शब्द सुचला. मी पाइप लेथवर घेऊन बरोबर मापाला आणायचो, हाताने ढकलला तर जाणार नाही आणि हातोडा मारला तर अडकणार नाही इतका. तू बाहेरच्या नळीला भोकं पाडायचास, ती गॅसवर तापवायचास, अस्तर आत सारायचास आणि भोकांमधून वेल्डिंगचे डाग भरून दोन्ही नळ्या एकजीव करायचास. एक डाग वर, मग एक खाली, मग हाताची मागची बाजू लावून बघायचं, निवलं का. एका बाजूला आठ डाग भरायला तू पूर्ण सकाळ घ्यायचास. मी बडबड करायचो, आणि तू त्या बडबडीकडे सरळ दुर्लक्ष करायचास.

आपण चौदा वर्षं एका छपराखाली काम केलं आणि एकमेकांची बोलीसुद्धा उचलली नाही. तू आपला पारोळ्याचा, ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘सगळा’ला ‘बठ्ठा’ म्हणणं सोडायचा नाहीस. मी रावेरचा, माझं ‘मले-तुले’ सुटायचं नाही. रावेरात राहून तू केळ खायचा नाहीस, याचा मला खरोखर राग यायचा. ट्रकवाले आपणहून फणी आणून द्यायचे आणि तू ती गिऱ्हाइकाला वाटून टाकायचास. ‘हाई काय फळ शे? दात नसनात तरी चालस,’ म्हणायचास. परवा कोणीतरी नेहमीसारखी फणी ठेवून गेलं. ती तशीच काळी पडली.

आता भांडणाचं सांगतो. आत जाणाऱ्या अस्तराचं टोक कसं कापायचं, यावर आपलं चौदा वर्षं भांडण होतं. तुझं म्हणणं, टोक सरळ कापायचं नाही. बोरू कापतात तसं तिरपं कापायचं. ‘सरळ कापशी त बठ्ठा जोर एकच रेघवर ई जाई, मुरली. तिरपं ऱ्हायनं म्हंजे जोर वाटाई जास.’ मला ते पटत नव्हतं असं नाही. पटत होतं, पण माझ्या जिवावर यायचं. सरळ कापायला लेथवर एक मिनिट पुरतं. तिरपं कापायचं तर आखून, शिकंज्यात धरून, हाताने करवत चालवावी लागते आणि वर घासावं लागतं. अर्धा दिवस जातो. मी म्हणायचो, ‘आत कोन पाहते बापा?’ आणि तू दरवेळी तेच उत्तर द्यायचास. ‘रस्ता देखस.’ मग मी चरफडत तिरपं कापायचो. चौदा वर्षांत मी एकदाही सरळ कापलं नव्हतं. एकदाच कापलं.

दुसऱ्या दिवशी बोदवडला माझ्या पुतण्याचा साखरपुडा होता. दुपारच्या गाडीने भुसावळला जाऊन तिथून बोदवड गाठायचं होतं. जीपवाला बाकड्यावर बसून होता, त्यालाही गाडी दुसऱ्या दिवशीच हवी होती. पण खरं सांगतो, घाई त्याची नव्हती. सांगितलं असतं तर तो चार दिवसही थांबला असता. घाई माझी होती. मी दोन्ही अस्तरं सरळ कापली आणि तुझ्यासमोर टाकली. तू एक उचललंस, टोकावरून अंगठा फिरवलास आणि माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, ‘आजच्या दिवस चालू दे. लोखंड हाये, कापड नाही.’ तुझ्या वडिलांवरून तुला लागेल असं बोललो, हे मला बोलता बोलताच कळलं होतं.

मी घरी जाऊन नवा शर्ट घालून आलो, तेव्हा उजवीकडचं अस्तर तू आत घालून टाकलं होतंस. डावीकडचं दोन पायांत धरून उकिडवा बसला होतास आणि हातात ग्रायंडर चालू होता. मला वाटलं, कडेचा कीस काढतोयस. मी ओरडलो, ‘कीस काढायले एवढा वेळ?’ आणि भिंतीतली ग्रायंडरची पिन उपटली. मीच उपटली, सुपडू. ग्रायंडर घुर्र घुर्र करत थांबला. तू काही बोलला नाहीस. ग्रायंडर बाजूला ठेवलास, अस्तर उचललंस, गॅस पेटवलास. मी निघताना तेवढं म्हणालास, ‘जाय, तुनी गाडी निंघी जाई.’

तुझ्या तोंडून मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य. त्यात राग होता की नव्हता, हे मी इतक्या वेळा मनात घोळवलंय की आता ते वाक्य मला नीट ऐकूही येत नाही.

ट्रायलचा नियम तुझाच होता. ‘डाग आपला, त पहिले आपणच बसानं.’ गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या आधी गाडीत वाळूची पोती भरायची, पाल गावाच्या बाजूला जंगलात शिरायचं, नाल्यातून तीनदा खालीवर करायचं. चालवायला तू आणि डावीकडे मी, डोकं खिडकीबाहेर काढून. माझं काम ऐकायचं. अ‍ॅक्सल मोडायच्या आधी बोलतो, हे तूच मला शिकवलंस. एक बारीक कट् असा आवाज येतो. दोनदा मी तो ऐकलाय आणि दोन्ही वेळा ‘थांब’ म्हणालोय, आणि तू जागच्या जागी ब्रेक दाबलास. माझ्या कानावर तुझा जितका विश्वास होता, तितका माझ्या घरच्यांचाही माझ्या कुठल्याच गोष्टीवर नाही.

दुसऱ्या दिवशी तू ट्रायलला निघालास तेव्हा डावीकडची जागा रिकामी होती. मी बोदवडला पंगतीत बसून जिलेबी खात होतो.

नाल्याच्या चढावर डावीकडची नळी तुटली, चाक आत दुमडलं आणि जीप कलंडली. लाकडं आणायला गेलेल्या बायकांनी बघितलं. तुला आणायला गेलेल्या लोकांत मी नव्हतो. मी आलो तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं आणि मला बघून लोक बाजूला सरकले. त्यांना वाटलं, हा पार्टनर, याला पुढे येऊ द्या.

मग लोक दारावर बसायला यायला लागले. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. यायचं, सतरंजीवर बसायचं, थोडा वेळ खाली बघायचं आणि मग कोणीतरी विषय काढायचा, कसं झालं म्हणून. मी तुझ्या दारात तुझ्या भावाशेजारी बसलो होतो. एकजण म्हणाला, ‘आपल्याच डागानं गेला बिचारा.’ दुसरा म्हणाला, ‘वेल्डिंग म्हणजे भरवसा नाही. एखादा डाग कच्चा राहतोच.’ तिसऱ्याने सांगितलं की त्याने आपल्याकडून करून घेतलेलं काम आता भुसावळला नेऊन तपासून घेणार आहे. सगळे वाईट वाटून बोलत होते, कोणाच्या मनात खोट नव्हती. मी मान खाली घालून ऐकत होतो. लोकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवले. मी ते ठेवू दिले.

सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी तुझी बायको, आमच्या कमलवहिनी, चहाची थाळी घेऊन बाहेर आल्या. सगळे गेले होते. थाळी खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, ‘मुरलीभाऊ, त्यासना हातना डाग कच्चा ऱ्हायना व्हता का? लोके सांगी ऱ्हायनात.’

मी काय म्हणालो असेन? तुला वाटेल, मी तरी खरं बोललो असेन. मी म्हणालो, ‘होते कधी कधी असं, वहिनी.’

एवढंच. चहा घेतला आणि घरी आलो. कपात साखर जास्त होती हेही मला आठवतंय. लाज वाटते.

तुझ्या आड लपून गप्प बसायची माझी ही पहिली वेळ नव्हती. आठवतं, आपण नवे होतो तेव्हा चोपड्याच्या एका गाडीचं बेअरिंग जाम झालं होतं? माप माझं चुकलं होतं, पाव मिलिमीटरने. गाडीवाला तावातावाने आला आणि मी काही बोलायच्या आत तू म्हणालास, ‘मना हाते नळी जास्ती तपी गई, खेचाई गई.’ त्याने तुला नाही नाही ते ऐकवलं. तो गेल्यावर मी तुला विचारलं, असं का केलंस. तू म्हणालास, ‘तुना लेथ नवा शे. नाव खराब व्हई जाई.’ आणि रॉड बदलायला लागलास. मी तेव्हा धन्यवाद म्हणालो नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती. पण सवय मला तिथूनच लागली, सुपडू. माझी चूक तुझ्या अंगावर गेली की गप्प बसायचं. तू हसून सोडून द्यायचास, म्हणून मला ती सवय वाटलीच नाही.

अठराव्या दिवशी मी ताडपत्री काढली. कशासाठी काढली ते ऐक. तुझी चूक शोधायला. लोक म्हणतात तसा एखादा डाग कच्चा निघाला असता, तर मला झोप लागली असती. तुझ्या मरणाला तूच कारणीभूत निघावास, अशी मी मनापासून आशा केली. चौदा वर्षांच्या सोबतीचं हे फळ मी तुझ्या पदरात घालणार होतो.

डावी नळी उभी चिरली. आठही डाग जिथल्या तिथे. छिन्नी लावून घणाने मारलं, घाम निघाला, अस्तर हललंही नाही. आणि नळी तुटली होती ती माझ्या सरळ टोकाला लागून, बरोबर त्याच्या कडेने, गोल. दोरीने आखल्यासारखी. तू म्हणायचास त्याच रेघेवर.

तरी मी सोडलं नाही. मनात म्हटलं, टोक सरळ असणं एवढंच कारण असेल, तर उजवीकडेही तडा सुरू झालेला असणार. तिथे नसेल, तर टोकाचा दोष नाही. वकिलासारखं डोकं चालवत होतो. कोणापुढे, तर निंबाखाली एकटाच.

उजवी नळी चिरली. तडा नव्हता, केसाएवढासुद्धा नाही. क्षणभर मला बरं वाटलं. मग आत नीट बघितलं. अस्तराचं टोक सरळ नव्हतं. तिरपं होतं, बोरूसारखं. ग्रायंडरने कापलेलं, हाताने, घाईत, थोडं वेडंवाकडं. कडेला तुझ्या ग्रायंडरचे ओरखडे.

म्हणजे मी शर्ट बदलून येईपर्यंत तू माझं काम करून ठेवत होतास. एक झालं होतं. दुसरं पायात धरलं होतंस. आणि मी येऊन पिन उपटली.

मी तिथे मातीत बसून रडलो, हे तुला सांगायला काही वाटत नाही. पण रडण्याने मला मोकळं वाटलं असं कोणी समजू नये. तेव्हापासून माझं डोकं एकाच जागी फिरतंय. तू बोलला का नाहीस? ‘कीस नाही काढी ऱ्हायनू, टोक कापी ऱ्हायनू’ एवढं म्हणायला काय झालं होतं? मी ओरडलो असतो, अजून दोन वाईट शब्द बोललो असतो, पण पिन परत लावली असती. लावली असती ना? मला खात्री नाही. तुलाही नसावी, म्हणूनच तू बोलला नसशील. आणि मी गेल्यावर? मी तर गाडीत बसलो होतो. तेव्हा पिन लावून ते टोक कापायला तुला कोणी अडवलं होतं? की मी कापलंय तर राहू दे, एकदा कळू दे याला, असं वाटलं तुला? वाटलं असेल तर मी तुला दोष देत नाही. पण मग ट्रायलला एकटा का गेलास? एक दिवस थांबला असतास तर मी डावीकडे बसलो असतो. मी ऐकलं असतं तो आवाज. मी ‘थांब’ म्हणालो असतो.

अजून एक गोष्ट आहे. जीपवाल्याने परवा सांगितली. जीप उलटली तेव्हा वाळूची पोती डाव्या बाजूलाच होती. मी म्हणालो, कलंडताना सरकली असतील. तो म्हणाला, नाही, दोरीने डाव्या दांडीला बांधलेली होती, गाठी तशाच आहेत. मागे जाऊन दांडी बघितली. गाठी तुझ्याच होत्या. तू मुद्दाम सगळं ओझं माझ्या टोकावर घातलं होतंस. पाड्यावरची माणसं त्यावर बसायच्या आधी तुला बघायचं होतं, ते टिकतं का. ते टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या जीपेत वीस माणसं बसली असती, पोरंसोरं धरून. ती वाचली हे मला कळतं. कळून काहीही उपयोग होत नाही.

दोन्ही नळ्यांचे चिरलेले हातभर तुकडे मी कापडी पिशवीत घातले आणि एस.टी.ने पारोळ्याला गेलो. गंधमुक्तीनंतर वहिनी तिथे तुझ्या वडिलांच्या घरी जाऊन राहिल्यात. आख्ख्या रस्त्यात पिशवी मांडीवर होती. कंडक्टर म्हणाला, खाली ठेवा, जड दिसतेय. ठेवली नाही.

वहिनी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. तुझे वडील ज्या कोपऱ्यात मशीन घेऊन बसायचे, तिथे आता पोती आहेत. मी पिशवीतून दोन्ही तुकडे काढून त्यांच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. साखरपुडा, सरळ कापणं, पिन, जिलेबी, सगळं. ‘होते कधी कधी’ असं मी का म्हणालो, तेही. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. उजव्या तुकड्यात बोट घालून त्या तिरप्या टोकावरून फिरवलं, तू फिरवायचास तसंच. मग डाव्या तुकड्याच्या टोकावरून. त्यांना लोखंडातलं काही समजत नाही असं मला वाटायचं. मी म्हणालो, ‘वहिनी, तुम्ही म्हणाल ते मी करीन.’

‘माले सांगीसन काय व्हई?’ त्या म्हणाल्या. ‘त्यासना हात कच्चा नव्हता, हाई माले माहीत व्हतं. मी तुम्हले इचारं, ते तुम्हना तोंडे आयकाकरता. दारवर बठेल मानसेस्ले सांगा.’

त्या ओरडल्या असत्या तर मी सहन केलं असतं. त्या आत गेल्या, तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी पाणी प्यालो. निघताना तुकडे पिशवीत भरायला वाकलो, तर त्यांनी उजवा तुकडा उचलून पदराखाली घेतला.

‘हाई मनाजोडे ऱ्हाऊ द्या.’ आणि डाव्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘ते तुम्हनं शे. लयी जा.’

म्हणून हे लिहितोय. दारावर बसायला किती माणसं आली होती, त्यातली कोण कुठल्या गावची, मला सगळी ठाऊक नाहीत. ज्यांना गाठता आलं त्यांना गाठून सांगतोय. उरलेल्यांनी हे वाचावं. सुपडूचा डाग कच्चा नव्हता. भुसावळला तपासायला नेलेलं काम परत आणा, त्यात काही निघणार नाही.

काल एक जीप आली, पाड्यावरचीच. मालकाला माहीत नव्हतं तू नाहीस ते. मी त्याला नाही म्हणणार होतो. मग पाइप लेथवर चढवला. टोक तिरपं आखलं, शिकंज्यात धरलं आणि करवत हातात घेतली. अर्धा दिवस गेला. डाग भरायला यावलहून एकाला बोलावलंय, तो तुझ्यासारखा नाही, पण सांगितलं तेवढं ऐकतो. तो डावा तुकडा मी लेथच्या वरच, चष्म्याच्या शेजारच्या खिळ्याला टांगलाय. कोणी विचारलं की सांगतो, हे टोक माझं आहे.

उद्या ट्रायल आहे. चालवायला मीच बसणार आहे. वाळूची पोती भरून झालीत. डावीकडे बसून ऐकायला कोणी नाही.